पॉटकेटचा मॉडर्न डायनर : कारखान्यात घडवलेली, उचलून वाचवलेली वास्तू

वाटसरू

ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात ईस्ट अव्हेन्यूवर मॉडर्न डायनर नावाचं एक लहानसं खाण्याचं ठिकाण आहे. रंग गडद लाल आणि सायीसारखा पिवळट, एक टोक वेगवान आगगाडीच्या इंजिनासारखं निमुळतं होत गेलेलं. बांधणी १९४१ सालची. १९७८ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. या यादीत आलेला देशातला हा पहिला डायनर, म्हणजे कारखान्यात तयार करून जागेवर आणून बसवलेली छोटी खाणावळ. आजही तिथे सकाळी अंडी, पॅनकेक, कॉफी मिळते. कस्टर्ड घातलेल्या फ्रेंच टोस्टसाठी लोक लांबून येतात.

नोंद झाली तेव्हा त्याचं वय होतं अवघं ३७ वर्षांचं. यादीचा सर्वसाधारण दंडक असा की वास्तू किमान ५० वर्षांची हवी. त्याआधी घ्यायची तर तिचं महत्त्व तसंच असाधारण असावं लागतं. कोपऱ्यावरच्या नाश्त्याच्या दुकानाला तो मान मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तोवर अशा जागा भंगारात काढताना कोणी मागे वळूनही पाहत नसे.

हा डायनर जागेवर बांधलेला नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक गावी जे. बी. जडकिन्स ही कंपनी होती. आधी घोड्यांच्या बग्ग्या बनवायची, मग श्रीमंतांच्या मोटारींच्या बॉड्या. मोटारींचा तो धंदा बसल्यावर १९३६ पासून त्यांनी डायनर घडवायला घेतले. त्यांच्या ‘स्टर्लिंग स्ट्रीमलायनर’ या नमुन्याचा आराखडा रोलंड स्टिकनी यांचा. पोलादी, चकचकीत, वाऱ्याला कापत जाणाऱ्या नव्या आगगाड्यांचं तेव्हा लोकांना वेड होतं. तीच ऐट या बसून राहणाऱ्या इमारतीला दिली. १९४२ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, हे काम थांबलं. निमुळत्या टोकाचे स्ट्रीमलायनर आज उरलेत ते एक हा आणि दुसरा मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा.

आत शिरलं की कळतं, हे सुतारकाम गाडी बांधणाऱ्यांचं आहे. एकही कोपरा वाया गेलेला नाही. छत कमानीसारखं वाकवलेलं, त्यामुळे मधे खांब नाही आणि रुंदी कमी असूनही डोक्यावर मोकळं वाटतं. लांबलचक काउंटर, त्याच्यापुढे जमिनीत रोवलेली गोल स्टुलं, खिडक्यांची रांग. काउंटरमागे एकच माणूस उभा राहून हात लांबवला की अंडं, पाव, कॉफी सगळं हाती लागावं अशी मांडणी. ही रुंदी ठरवली रस्त्याने. कारखान्यातून तयार डायनर ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या सपाट वाघिणीवर घालून न्यायचा, म्हणजे साधारण दहा फुटांपलीकडे जाता येत नव्हतं. पुढे दोन-तीन तुकड्यांत आणून जागेवर जोडायची पद्धत आली तेव्हा डायनर रुंदावले. पण ती अंगाला अंग लागणारी जवळीक पातळ झाली ती तेव्हापासूनच, असं माझं मत आहे.

मॉडर्न डायनर मुळात याच गावात डेक्स्टर स्ट्रीटवर होता. १९८० च्या दशकात तिथून उचलून ईस्ट अव्हेन्यूवर आणला. यादीत नाव आल्यानंतर हललेला, आणि तरी मान टिकवून असलेला.

हे सगळं लिहिण्यामागे माझं एक म्हणणं आहे. डायनर जपायचा म्हणजे त्याचा तवा तापता ठेवायचा. पत्रा, टाइल, अक्षरं जपाच. पण गिऱ्हाईक तुटलं की त्याला कोणी वाली राहत नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

पाटीपेन्सिल

छान माहिती. एक शंका. आम्ही इतकी वर्षं समजत आलोय की डायनर म्हणजे रेल्वेचे जुने डबे, भंगारात निघालेले, त्यात हॉटेल काढलेलं. तसं नाही का?

वाटसरू

थोडं तसं, पण बरंचसं नाही. सुरुवात घोडागाडीपासून आहे. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडी उभी करून सँडविच, पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी विकायला सुरुवात केली. आधी तो स्वतः छापखान्यात होता, त्यामुळे रात्रपाळीच्या माणसाला काय लागतं ते त्याला ठाऊक. आठनंतर गावातली हॉटेलं बंद व्हायची, आणि छापखाना, गिरणी, रेल्वे तर रात्रभर चालू.

त्या गाडीत गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं, पावसात, बर्फात. १८८७ मध्ये वूस्टर शहरात सॅम्युएल जोन्सने आत शिरून उभं राहता येईल अशी गाडी काढली. १८९१ मध्ये त्याच शहरातल्या चार्ल्स पामरने अशा गाडीचं पेटंट घेतलं. टॉमस बकलीने तर नक्षीदार काचांच्या, सजवलेल्या गाड्या गावोगाव धाडल्या. तुम्ही म्हणता ते डबे यानंतर आले. शहरांतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या आल्या, तेव्हा जुने डबे कवडीमोलाने विकले गेले आणि काहींनी त्यात खाणावळी थाटल्या. त्या बहुधा कळकट असत, आणि या धंद्याचं नाव खराब व्हायला त्यांचा हातभार लागला.

चांगले कारखानदार मात्र नवीनच बांधत होते. आगगाडीच्या जेवणाच्या डब्याची शान लोकांना आवडते हे पाहून त्यांनी ते रूप उचललं, एवढंच.

वूस्टर लंच कार कंपनी १९०६ मध्ये निघाली आणि १९५७ पर्यंत तिने ६५१ डायनर बांधले. क्रमांक २०० पासून सुरू केले, त्यामुळे शेवटचा ८५० वा. बाहेरच्या मुलाम्याच्या पत्र्यावर जुन्या वळणाच्या अक्षरात नाव भाजून घेतलेलं, आत ओक नाहीतर महोगनीच्या पट्ट्या, संगमरवरी काउंटर. जुन्या डायनरांमध्ये माझा जीव वूस्टरवर जास्त आहे.

मुलामा

वाटसरू, उत्तम धागा. मी धातूच्या पृष्ठभागांवर काम करतो, म्हणून त्या ‘भाजून घेतलेल्या’ पत्र्याबद्दल थोडं.

आपल्या घरोघरी एनॅमलच्या पांढऱ्या थाळ्या असायच्या, निळ्या काठाच्या. हे तेच काम, फक्त भिंतीएवढं. पोलादी पत्र्यावर काचेच्या बारीक पुडीचा लेप द्यायचा आणि साधारण आठशे अंशांच्या भट्टीत घालायचा. काच वितळून पत्र्याशी एकजीव होते. उन्हाने रंग उडत नाही, धूर-तेल बसलं तरी साबणाच्या पाण्याने निघतं. म्हणूनच ऐंशी वर्षांच्या डायनरचा लाल रंग अजून लाल दिसतो. रंगारी कितीही कुशल असो, तेलरंगाला हे जमणार नाही.

पण थाळी पडली की जसा टवका उडतो, तसाच इथेही उडतो. आणि तो उडतो बहुतेक स्क्रूच्या भोवती. पत्रा बसवताना कोणी स्क्रू जास्त आवळला, किंवा थंडीत लाकडी सांगाडा हलला, की भोकाच्या कडेने केसासारखी चीर जाते. तिथून पाणी शिरलं की काचेच्या आतून गंज पसरत जातो, वरून काही दिसत नाही. मग एक दिवस नखाएवढी खपली पडते आणि तिच्यामागे तांबूस पूड. हा टवका जागेवर दुरुस्त होत नाही, कारण भट्टी भिंतीपाशी नेता येत नाही. पत्रा उतरवा, जुना मुलामा काढा आणि पुन्हा भाजा. नाहीतर रंग जुळवून लेप द्या आणि दर काही वर्षांनी परत द्या. गोल वळणाच्या कोपऱ्यांचे पत्रे तर पुन्हा घडवणं फारच महागात पडतं.

जुना डायनर बघायला गेलात तर आधी स्क्रू बघा. मालक किती जीव लावतो ते तिथे कळतं.

निळी_शाई

मी न्यू जर्सीत राहते. इथे डायनर पावलोपावली, आणि कारणही आहे: कारखानेच इथे होते. एलिझाबेथमध्ये जेरी ओमॅहनी, हॅरिसनमध्ये कलमन, ब्लूमफील्डमध्ये फोडेरो, पॅटरसनमध्ये सिल्क सिटी. ओमॅहनीचा एक सुंदर नमुना समिट गावात रेल्वे स्टेशनजवळ अजून चालू आहे, १९३० च्या दशकातला, आत लाकूडकाम शाबूत. इकडच्या मराठी मंडळींनी एडिसनहून गाडी काढून एकदा तरी जाऊन यावं.

सिल्क सिटीच्या डायनरवर क्रमांकाची छोटी पट्टी असते. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या कितव्या डायनरचे. म्हणजे ४६ ने सुरू होणारा आकडा दिसला की १९४६ चा समजायचा. मुलांना हे शोधायला फार आवडतं.

मला खास वाटते ती काउंटरखालची पायरी. पाय टेकायला टाइल लावलेली असते. आमच्या गावातल्या डायनरमध्ये प्रत्येक स्टुलासमोर त्या टाइलची चकाकी गेलीय, बुटांच्या दोन ठशांएवढी, आणि दोन स्टुलांच्या मधली टाइल मात्र नव्यासारखी. दाराजवळच्या दोन स्टुलांपुढे झीज सगळ्यात जास्त. घाईतली माणसं तिथेच बसत आली असणार.

आणखी एक: १९२० च्या दशकापर्यंत बायका डायनरमध्ये सहसा जात नसत. मग मालकांनी बाहेर ‘महिलांचे स्वागत’ अशा पाट्या लावल्या, आणि काउंटरवर बसणं अवघड वाटू नये म्हणून समोरासमोरची बाकं बसवली. आज डायनर म्हटलं की डोळ्यापुढे येणारी ती गुबगुबीत बाकं अशी आली.

कोरीव_लेणं

मी वास्तुरचनाकार आहे, पुण्यात जुन्या वाड्यांच्या नोंदणीचं काम करतो. लेख आवडला, पण ‘तवा तापता ठेवा’ याच्याशी पूर्ण सहमत नाही.

चालू ठेवायच्या नावाखाली वास्तूचं काय होतं ते आपण पाहतो. मालक म्हणतो धंदा वाढला, बाजूला खोली जोडा. मग वातानुकूलन, मग नवी फरशी. अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत हेच झालं ना? झटपट खाण्याच्या साखळ्या आल्या, महामार्गांनी जुने रस्ते ओस पाडले, आणि स्टीलचे डायनर जुनाट दिसू लागले म्हणून मालकांनी त्यावर विटा चढवल्या, उतरती कौलारू छपरं बसवली. धंदा चालू राहिला, डायनर आत गाडला गेला.

आणि हलवण्याबद्दल. न्यूयॉर्कच्या मूनडान्स डायनरचं उदाहरण घ्या. १९३३ चा. मॅनहॅटनची जागा महाग झाल्यावर २००७ मध्ये साडेसात हजार डॉलरना विकला आणि ट्रकवर घालून वायोमिंगमधल्या ला बार्ज नावाच्या छोट्या गावी नेला, देशाचा अर्ध्याहून जास्त भाग ओलांडून. पुढच्याच वर्षी बर्फाच्या ओझ्याने छताचा भाग कोसळला. दुरुस्त करून २००९ मध्ये उघडला, २०१२ मध्ये बंद पडला. हे जतन झालं का? इमारत ही तिच्या रस्त्याची, हवेची आणि माणसांची असते.

शिवाय त्या राष्ट्रीय यादीचं संरक्षण किती? माझ्या माहितीप्रमाणे खाजगी मालक स्वतःच्या पैशाने यादीतली वास्तू पाडू शकतो. स्थानिक नगरपालिकेचे कडक नियम असतील तरच ती वाचते.

वाटसरू

कोरीव_लेणं, यादीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती सन्मान देते, करसवलतीची वाट उघडते, सरकारी पैशाचा प्रकल्प येत असेल तर आधी विचार करायला लावते. मालकाचा हात धरत नाही.

मूनडान्सबद्दल मात्र वेगळं म्हणतो. त्याच्यापुढे दुसरा पर्याय बुलडोझरचा होता. नेला म्हणून त्याला आणखी काही वर्षं मिळाली. चूक अंतरात झाली. मॉडर्न डायनर गावातल्या गावात हलला. न्याहारीला येणारी माणसं तीच राहिली, हवा तीच, बर्फही तेवढंच. हलवणं डायनरच्या रक्तात आहे. पूर्वी कारखानदार हप्त्याने डायनर विकत, कपबश्यांसकट. धंदा वाढला की मालक जुना परत करून नवा मोठा घेई, आणि जुना रंगरंगोटी होऊन दुसऱ्या गावी जाई. एका जागी जन्मभर उभे राहिलेले डायनर तुलनेने थोडे. राष्ट्रीय यादीत हललेल्या इमारतींना सहसा जागा नसते, पण हलवण्यासाठीच बांधलेल्यांची गोष्ट वेगळी धरतात. आपल्या वाड्याची जोतं सोडून कल्पनाच करता येत नाही, हे मान्य. पण डायनरला जोतं मागाहून मिळतं.

विटा चढवण्याचं दुःख मलाही आहे. त्यातल्या त्यात बरं एवढंच की अनेक ठिकाणी स्टील न काढता त्यावरच विटा लावल्या. आता हौशी मालक त्या उतरवतात तेव्हा खालून मूळ पत्रा निघतो.

कोरीव_लेणं

हे पटलं. गावातल्या गावात, हा मुद्दा महत्त्वाचा. अपंगांच्या सोयीचं काय करतात? दोन पायऱ्या आणि अरुंद दार दिसतंय फोटोंत.

वाटसरू

बहुतेक ठिकाणी रॅम्प आणि स्वच्छतागृह मागच्या किंवा बाजूच्या जोडइमारतीत घेतात आणि तिथून आत येता येतं. मूळ दार तसंच राहतं. स्वयंपाकघरही बऱ्याचदा याच जोडइमारतीत सरकलेलं असतं. पूर्वी तवा गिऱ्हाइकासमोर, काउंटरमागेच असायचा. तो तिथून हलला तिथे मला खरंच हळहळ वाटते. आपलं अंडं आपल्यासमोर फुटताना बघण्यात अर्धी मजा होती.

उत्तरेचा_वारा

मिनेसोटातून. सेंट पॉल शहराच्या मध्यभागी मिकीज डायनर आहे. ओमॅहनी कंपनीने १९३७ मध्ये न्यू जर्सीत बांधला, रेल्वेने इकडे आला, १९३९ मध्ये उघडला. पिवळा-लाल मुलामा, दहा फूट रुंद आणि पन्नास फूट लांब. १९८३ मध्ये राष्ट्रीय यादीत आला. कित्येक दशकं चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालू होता. इथल्या उणे पंचवीसच्या रात्री उघडं दार ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

२०२० मध्ये करोनात बंद पडला. आजूबाजूला उंच इमारती, जमिनीला सोन्याचा भाव. आम्हाला वाटलं, संपलं. चार वर्षं अंधार होता. २०२४ मध्ये पुन्हा उघडला, तेव्हा रांगेत टोप्या घातलेले म्हातारे-कोतारे होते आणि त्यांची नातवंडंही. वाटसरूंच्या बाजूने माझं मत. बंद असतानाही तो यादीत होताच, पण जीव आला तो तवा तापल्यावर.

निळी_शाई

तुमचं वाचून मन भरून आलं.

आमसूल

आम्ही शाकाहारी आहोत आणि पुढच्या महिन्यात पूर्व किनाऱ्यावर मुलाकडे जातोय. अशा ठिकाणी आमचं काय होणार? नुसतं बघून यायचं का?

निळी_शाई

आमसूल, मुळीच नाही. पॅनकेक, वॉफल, ग्रिल्ड चीज सँडविच, बटाट्याचे होम फ्राइज, टोमॅटो-कांद्यासोबत टोस्ट असं बरंच मिळतं. अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही. चालत नसेल तर पॅनकेक-वॉफलच्या पिठातही अंडं असतं हे लक्षात ठेवा. दोन गोष्टी विचारून घ्या. तवा एकच असतो आणि त्यावर बेकनही भाजतात, म्हणून सँडविच वेगळ्या पॅनमध्ये करून द्याल का असं विचारा. गर्दी नसेल तर आनंदाने करून देतात. होम फ्राइज कशात परतलेत तेही विचारा. कॉफी मात्र पोटभर प्या, कप रिकामा दिसला की न मागता भरतात. सकाळी दहाच्या आत जा, रविवार टाळा.

पाटीपेन्सिल

माझी बहीण डेट्रॉइटजवळ असते. तिकडे यातलं काही आहे का?

वाटसरू

आहे, आणि एकाच आवारात दोन. डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात लेमीज डायनर उभा आहे, वूस्टर कंपनीचा, १९४६ चा. क्लोव्हिस लेमी युद्धावरून परतले आणि त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरोसाठी तो बनवून घेतला. १९८४ मध्ये संग्रहालयाने विकत घेऊन त्याची डागडुजी केली. डायनरांचे इतिहासकार रिचर्ड गटमन यांचा त्यात हात होता. बरीच वर्षं तो नुसता बघायचा होता, नंतर तिथे खाणंही मिळू लागलं. जाण्याआधी सध्या काय चालू आहे ते संग्रहालयाकडून विचारून घ्या.

शेजारच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये ‘आऊल नाइट लंच’ ही घोड्याची गाडी आहे, १८९० च्या दशकातली. हेन्री फोर्ड तरुणपणी डेट्रॉइटच्या वीज कंपनीत रात्रपाळीला असताना याच गाडीवर खायचे. १९२७ मध्ये शहराने रस्त्यावरच्या अशा गाड्या बंद केल्या तेव्हा त्यांनी ती विकत घेऊन ठेवली. आधी ही गाडी बघा, मग लेमीज. गाडीच्या खिडकीची उंची आणि डायनरच्या काउंटरची उंची, दोन्हींसमोर उभं राहून बघा. गिऱ्हाईक बाहेरून आत कसं आलं ते तिथे नीट समजतं. बहिणीला फोटो काढायला सांगा आणि इथे टाका, विशेषतः लेमीजच्या कोपऱ्यावरच्या पत्र्यांचे. मुलामा यांना स्क्रू बघायचे असतील.

मुलामा

हो, जवळून काढा. आणि दाराच्या चौकटीखालचा एक फोटो हवाच, पाणी तिथेच साचतं.